नखावरची गरी

"ही बघ," विश्राम म्हणाला आणि कानशीवर धार लावलेली गरी, मासे धरायचा छोटा गळ, त्याने माझ्या तळहातावर ठेवली.

मी ती डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवली आणि हलकेच ओढली. टोक नखात रुतलं आणि जागीच थांबलं. गरी रुतली तर चांगली, घसरली तर बोथट. आबांनी, म्हणजे विश्रामच्या वडिलांनी, आमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला ही परीक्षा शिकवली होती. तेव्हापासून माझ्या त्या अंगठ्याला नेलपॉलिश कधी लागलं नाही. घरात येणारं सगळं नेलपॉलिश गऱ्यांनाच लागायचं.

"चलात," मी पसंती दिली.

"चलात काय म्हणतंस? नख फुटात तुझा."

शनिवारची संध्याकाळ होती, एप्रिलची. पडवीत शिलाई मशीनच्या टेबलाला सुताराकडचा छोटा शिकंजा घट्ट केलेला, त्यात मी गरी अडकवायची आणि तिच्यावर पिसं बांधायची. आमची कामं वाटलेली होती. विश्रामने धार लावायची, मी नखावर बघायची आणि मग बांधायची. गावठी कोंबड्याच्या मानेची लांब पिसं, बोकडाच्या शेपटीचे केस, माझ्या लग्नातल्या शालूच्या काठातून ओढून काढलेली जर, गालांच्या जागी लाल लोकर आणि डोळ्यांच्या जागी टिकल्या. वरून दोऱ्यावर नेलपॉलिशचा हात. पाण्यात ओढली की ती गरी पोहणाऱ्या लहान मासळीसारखी दिसते आणि मोठा मासा तिच्यावर झडप घालतो. त्यासाठी ती जड होऊन चालत नाही आणि विस्कटूनही चालत नाही. अबोलीचे वळेसार गुंफणारा माझा हात, दोरा किती ताणायचा हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

ही विद्या आमच्याकडे आणली दाभोळे डॉक्टरांनी. ते कोल्हापूरचे, दातांचे डॉक्टर. सुट्टी मिळाली की आमच्या वाडीला यायचे, विश्रामच्या होडीतून खडकावर जायचे आणि लवचिक काठीने पिसाची गरी फेकत बसायचे. एकदा माशाने फाडलेली त्यांची परदेशी गरी त्यांनी पडवीतच टाकून दिली. मी तिचा एकेक वेढा सोडवून बघितला आणि दुसऱ्या दिवशी तशीच एक बांधून त्यांच्या हातात ठेवली. पुढच्या वेळी येताना त्यांनी माझ्यासाठी दात कोरायची आपली जुनी हत्यारं आणली. पिसं सारखी करायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही.

आता डॉक्टर रविवारी परत येणार होते आणि त्यांना कोकर हवा होता. कोकर म्हणजे रुंद छातीचा, आडदांड मासा. लागला की माणसाला होडीसकट ओढतो. पिसाच्या गरीवर आमच्याकडे तोवर कुणी त्याला बाहेर काढला नव्हता. डॉक्टरांना मिळाला तर त्यांचे मित्र आमच्याकडे येणार, हंगामभर होडी चालणार, असं बोलणं झालं होतं.

पण माझा जीव टांगणीला लागला होता तो निराळ्याच कारणाने.

आखातातल्या एका टगबोटीवर विश्रामला बोलावणं आलं होतं. लग्नाआधी तो जहाजावर होता, एजंट ओळखीचा होता. सोमवारपर्यंत त्याला हो किंवा नाही सांगायचं होतं. आणि विश्रामने लग्नाआधी मला शब्द दिला होता की परत जहाजावर जाणार नाही. तो शब्द मी मागून घेतला होता. माझे बाबा जन्मभर जहाजावर होते. वर्षातून एकदा एक माणूस मोठी बॅग घेऊन घरी यायचा, आई मला त्याच्यापुढे ढकलायची आणि मी पडद्यामागे लपायची. त्याची सवय होईतो त्याची सुट्टी संपायची. बाबा गेले तेव्हा मी रडले, पण कुणासाठी रडते आहे ते मला नीट सांगता आलं नसतं.

विश्राम आणि मी एकाच वाडीतले, शाळेपासून अरे-तुरे करणारे. लग्नानंतर आबांनी कितीदा टोकलं, तरी माझ्या तोंडातून अहो निघालं नाही. त्याला मी आरपार ओळखते, असं मला वाटायचं.

"माका काय ता कळना नाय," दोन दिवसांपूर्वी तो म्हणाला होता. "तू नको म्हणतंस, एजंट ये म्हणता. कौल लावया."

आमच्याकडे अडलं की देवाला कौल लावतात. पाषाणाला फुलाची कळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यावर मग कुणी बोलायचं नसतं.

"देवळात जाव?" मी विचारलं.

"देवळात कित्याक? डाक्टर येतत ना रविवारी. तेंका कोकर मिळालो तर मी हय रवतंय. नाय मिळालो तर जातंय. देव काय, पाण्यातसुद्धा आसा."

मला ते आवडलं होतं, खरं सांगते. देवळातल्या कळीला मी काही करू शकत नव्हते. इथे निदान गऱ्या माझ्या हातच्या होत्या.

ओट्यावर बसलेल्या आबांनी तेवढं ऐकलं आणि पानाची पिंक टाकली. "कौल देवळात लावतत गो. मासळेच्या तोंडाक नाय."

आम्ही दोघेही हसलो होतो.

तर त्या शनिवारी शेवटची गरी बांधून झाली. मी ती डब्यात बाकीच्यांच्या शेजारी लावली. धार लावलेल्या दोन-तीन गऱ्या बांधायच्या राहिल्या होत्या, त्या माझ्या बामच्या डबीत टाकल्या. विश्रामने डबा उचलला.

"होडीत ठेवन येतंय. सकाळी विसराक नको."

कानसही त्याने खिशात टाकली. होडीत काही ना काही घासायचं असतंच. मी देवाजवळ दिवा लावला आणि कोकर मागितला. आयुष्यात इतक्या मनापासून मी दुसरं काही मागितलं नसेन.

सकाळी मीही होडीत बसले. एरवी जात नसे, पण डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुम्ही चला. पिसं कमी-जास्त करायची झाली तर तिथल्या तिथे सांगाल." विश्रामने इंजिनाची दोरी ओढली आणि होडी खाडीच्या तोंडातून बाहेर पडली.

आमच्या वाडीसमोर समुद्रात एक काळा खडक आहे, त्याला कावळो म्हणतात. लाट त्याच्यावर फुटते, पाणी पांढरं होतं आणि त्या पांढऱ्या पाण्याखाली कोकर फिरतात. विश्रामने होडी जेवढी जवळ नेता येते तेवढी नेली. डॉक्टर पुढच्या फळीवर पाय रोवून उभे राहिले. काठी मागे-पुढे झाली, दोर हवेत उलगडला आणि माझी गरी फेसाच्या कडेला अलगद पडली.

ते ओढू लागले. पाण्याखाली काहीतरी वळलं. मला त्याची पाठ दिसली, हिरवट, पाटाएवढी.

"आला," डॉक्टर हळूच म्हणाले.

काठी वाकली. दोर सरसर गेला. आणि लगेच काठी सरळ झाली.

डॉक्टरांनी दोर गोळा केला. गरी जिथल्या तिथे होती, पिसंसुद्धा शाबूत.

"माझीच घाई झाली," ते म्हणाले. "ओढायला नको होतं इतक्यात."

दुसऱ्या वेळी त्यांनी दुसरी गरी लावली आणि घाई केली नाही. मासा लागला, थोडा पळाला आणि सुटला. त्यांनी पुन्हा गरी बदलली. तिसराही तसाच गेला. मग चौथी गरी, आणि पुन्हा तेच. मासे येत होते, तोंडात घेत होते आणि थुंकल्यासारखे सोडून देत होते. मी देवाचं नाव घ्यायचं सोडून पिसं मोजायला लागले. जास्त दाट झाली का? केस आखूड कापले का? दोरा सैल पडला की काय? माझ्या हातच्या प्रत्येक वेढ्यावर मी शंका घेतली. गऱ्यांवर तेवढी घेतली नाही, कारण त्या नखावर पास झालेल्या होत्या.

"तोंड कठीण आसता तेचा," विश्राम मागून म्हणाला. "हाड नुसता. रुतना नाय."

"दुसऱ्यांना कशी रुतते मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"नशीब," विश्राम म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खडकाकडे बघत होता. मला त्याची दया आली. वाटलं, बिचारा, वरून दाखवत नाही पण ह्यालाही राहायचंय.

इतक्यात होडीच्या कडेला एक मेलेला पेडवा, तारलीसारखी लहान मासळी, तरंगत आला. कुठल्या तरी माशाच्या तोंडून निसटलेला असावा. मी हात घालून तो उचलला. बोटाएवढाही नव्हता, आणि अगदी सडपातळ. माझ्या गऱ्या त्याच्यापुढे लेकुरवाळ्या बायांसारख्या दिसत होत्या.

"डॉक्टर, हे चुकलं माझं," मी म्हटलं. "आज लहान मासळी चाललीय. बारीक गरी हवी. मी बांधते."

"आता? या हेलकाव्यात?"

"तुम्ही धरा फक्त."

पिशवीतून बामची डबी काढली. तिच्यातली एक गरी घेतली. डॉक्टरांनी आपला चिमटा काढला आणि दात उपटायला धरतात तशी ती घट्ट धरली. मी दोन पिसं घेतली, चिमूटभर केस आणि जरीचा एकच धागा. होडी वर जायची तेव्हा वेढा घ्यायचा, खाली जाताना थांबायचं. खारं पाणी डोळ्यांत जात होतं.

"आता नको गो," विश्राम म्हणाला. "व्होटी लागली, पाणी उतारता. होडी खडकार लागात."

"एकदाच रे."

"एकदाच, विश्राम," डॉक्टर म्हणाले.

नेलपॉलिश वाळायला वेळ नव्हता. मी ती तशीच ओली डॉक्टरांच्या हातात दिली आणि त्यांनी ती दोराला बांधली.

दोर उलगडला. गरी पडली. डॉक्टरांनी दोनदा ओढली असेल नसेल, पाणी फाटलं आणि काठी अशी वाकली की तिचं टोक पाण्यात गेलं. सुटेल, आता सुटेल. पण तो सुटला नाही. रीळ कर्कश ओरडायला लागलं आणि डॉक्टर दोन्ही हातांनी काठीला लटकले.

"लागला, वहिनी. पक्का लागलाय."

मला रडू फुटलं. मी तिथेच हात जोडले. उजवा कौल, देवा, उजवा.

मासा खडकाच्या कपारीकडे निघाला. डॉक्टर ओरडले, "विश्राम, बाहेर घे होडी, बाहेर." हे विश्रामला सांगायची गरजच नव्हती. मासा खडकात शिरला की दोर कापला जातो. होडी खोल पाण्याकडे घ्यायची, म्हणजे तो मोकळ्या पाण्यात ओढला जातो. वाडीतल्या शाळकरी पोरालाही ते ठाऊक असतं.

इंजिनाचा आवाज वाढला आणि एकदम बंद पडला.

मी मागे वळले. विश्राम इंजिनावर वाकला होता. डावा हात इंजिनाच्या पलीकडे, मला दिसत नव्हता. उजव्या हाताने त्याने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. पुन्हा. लाट आम्हाला खडकाकडे ढकलत होती.

"अरे चालू कर," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला.

"व्हयना नाय," विश्राम म्हणाला.

मग तट असा आवाज आला. काठी सरळ झाली. डॉक्टर मागे फळीवर आदळले. दोराचं टोक वाऱ्यावर तरंगत होतं.

विश्रामने दोरी पुन्हा ओढली आणि पहिल्याच ओढीला इंजिन चालू झालं.

परतताना डॉक्टर हसत होते. "काय मासा होता. वहिनी, काय मासा होता." मी हो-हो म्हणत होते. किनारा दिसायला लागला तेव्हा विश्राम माझ्याकडे न बघता म्हणाला, "कौल डावो इलो."

मी मान हलवली. कौलावर बोलायचं नसतं.

घरी आल्यावर डॉक्टर जेवून आडवे झाले. विश्राम आंघोळीला गेला. मी गऱ्यांचा डबा घेऊन विहिरीवर बसले. खारं पाणी लागलेली गरी गोड्या पाण्यात धुतली नाही तर गंजते, हे काम रडतानाही करावं लागतं. धुता धुता एक विचार मनात घोळत होता. तोच मासा, तीच पिसं, तोच दोरा, तोच हात. बारीक बांधली म्हणून तो आला असेल. पण आले तर सगळेच होते. बारीक बांधल्याने तो रुतला कसा?

मी हातातली गरी नखावर टेकवली. घसरली.

खडकाला लागली असेल. दुसरी घेतली, तीही घसरली. चौघींनाही मासा लागलेला, हाड लागलेलं, चालायचंच. मग डब्याच्या दुसऱ्या बाजूला हात घातला. तिथल्या गऱ्या आज बाहेरच निघाल्या नव्हत्या. कोरड्या ठणठणीत, पिसांवर मीठ नाही, नेलपॉलिश काल लावलं तसंच चकचकीत. त्यातली एक नखावर ओढली.

घसरली. काचेवरून घसरावी तशी.

मी सगळ्या ओढून बघितल्या. मग बामच्या डबीत उरलेली गरी काढली आणि ती ओढली. ती रुतली. नखावर पांढरा ओरखडा उठला. मला काल त्याने खिशात टाकलेली कानस आठवली, आणि इंजिनाच्या पलीकडे लपलेला त्याचा डावा हात.

मला आधी रडू नाही आलं, लाज वाटली. मी होडीत हात जोडून बसले होते आणि तो मागे बसून ते बघत होता, याची लाज. मग राग आला. आणि रागाच्या मागून जे आलं त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. वर्षानुवर्षांचं त्याचं बोलणं मी आठवून बघितलं. तो म्हणायचा, "नाय जात गो." तो म्हणायचा, "तू म्हणशीत तसा." जहाज गेलं की किनाऱ्यावर उभा राहून ते दिसेनासं होईपर्यंत बघायचा. मला इथे राहायचंय, असं तो एकदाही म्हणाला नव्हता. मीही कधी विचारलं नव्हतं, कारण शब्द दिलेला होता.

तो डोकं पुसत विहिरीशी आला. स्वच्छ सदरा घातला होता.

"एजंटाक फोन करूक जातंय," तो म्हणाला.

"हात दे."

"कित्याक?"

"दे."

त्याने हात पुढे केला. मी त्याचा अंगठा धरला आणि कोरडी गरी त्याच्या नखावर ओढली. ती घसरली. दुसरी ओढली. तीही घसरली. त्याने हात मागे घेतला नाही.

"खडकार लागली आसतली," तो म्हणाला.

"ही पाण्यातच गेली नाय, विश्राम."

तो विहिरीच्या काठावर बसला. टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"तुका कसा सांगू?" तो म्हणाला. "तुझ्या बापाशीचा तू सांगितलंस, तेच्यानंतर माका तोंडच उघडूक जमला नाय. हय माझो जीव घुसमटता. खाडी, खडक, खाडी, खडक. पण तुझ्यार राग नाय हां. तुझ्यार कधीच नव्हतो."

"मगे देवाक कित्याक मधी घेतलंस?"

"माझ्यार रागावली आसतंस. देवार रागावचंस नाय."

एवढं विचारपूर्वक त्याने आमच्या संसारात दुसरं काही केलं नसेल. मी त्याच्याकडे बघत राहिले. लहानपणापासून ओळखीचा तो चेहरा, आणि मला पडद्यामागे लपावंसं वाटलं.

"जा," मी म्हटलं. "पण देवान धाडल्यान म्हणान जाव नको. माझ्या तोंडार सांग आणि जा."

"काय सांगू?"

"खरा काय ता."

डॉक्टर आतून खोकले. विश्रामने पडवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माका जावचा आसा, संजू," तो म्हणाला.

"जा मगे."

तो फोन करायला गेला आणि मी बोथट गऱ्या डब्यात परत लावल्या. तेव्हा रडले, मनसोक्त.

तो गेला. डॉक्टरांनी सुटलेल्या कोकराचं कोल्हापुरात जाऊन इतकं वर्णन केलं, की मिळाला असता तर आले नसते इतके लोक त्याला बघायला आमच्या वाडीला आले. आबांनी मला होडी शिकवली, "बायकांनी कधी केला नाय" असं रोज म्हणत म्हणत. आता कावळ्याच्या पांढऱ्या पाण्यात होडी मी घेते आणि मासा कपारीकडे निघाला की बाहेर काढते. माझ्या हातच्या बारीक गरीवर किती तरी कोकर निघाले.

विश्राम वर्षातून एकदा येतो, मोठी बॅग घेऊन. दोन दिवस झोपतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी न सांगता पडवीत माझ्या शेजारी बसतो आणि कानस मागतो. मी देते. एकेक गरी घासून तो माझ्या तळहातावर ठेवतो. मी ती नखावर टेकवते आणि ओढते. ती रुतेपर्यंत त्याची नजर माझ्या अंगठ्यावरून हलत नाही, आणि मी चलात म्हटल्याशिवाय तो दुसरी उचलत नाही.